आईच्या घराचं लॅच लागलं, किल्ली आत. सोलापुरात भरवशाचा किल्लीवाला कसा शोधायचा?

पुण्यातला_पाच्छापेठी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा अन् सांगा.

आई तेलंगी पाच्छा पेठेत एकटी राहते, मी नोकरीमुळं पुण्यात. घर जुनं, बोळात, समोरून गाडी आली तर आपली मागं घ्यावी लागते असा बोळ. दाराला वडलांच्या वेळचं कडी-कोयंडा अन् पितळी कुलूप होतं, ते काढून दोन वर्षांपूर्वी मीच हौसेनं नाईट लॅच बसवून दिलं, म्हटलं आईला रोज वाकून कुलूप लावायचा ताप नको. तर मागच्या गुरुवारी पहाटे साडेपाचला पाणी आलं. पाणी आलं म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको, चार-पाच दिवसांनी येणार म्हटल्यावर माणूस झोपेतनं उठून पळतो, आई पण दूध गॅसवर ठेवून घागर घेऊन बोळातल्या नळाला गेली, मागनं वाऱ्यानं दार आपटलं अन् लॅच लागलं. किल्ली आत खुंटीला. फोन तेवढा हातात, कारण अंधारात नळाला पाईप लावायला टॉर्च लागते.

तिनं मला फोन केला. मी इथनं काय करणार, झोपेतच मोबाईलवर लॉकस्मिथ सोलापूर असं टाकलं अन् जो पहिला नंबर आला त्याला लावला. पलीकडचा माणूस हिंदीत एकदम गोड बोलला, पंधरा मिनिट में आदमी पहुँचेगा, ढाई सौ रुपये. पंधरा मिनिटं कसली, पावणेसातला दोन पोरं बाईकवरनं आली, त्यांना बोळच सापडेना, आईच कोपऱ्यापर्यंत जाऊन घेऊन आली. दोन मिनिटं कुलपाशी खुडबुड केली अन् म्हणाले हे इम्पोर्टेड लॉक आहे, असं उघडत नाही, तोडावं लागेल. इम्पोर्टेड कसलं, मी ते नवी पेठेतनंच घेतलतं! ड्रिल मारलं. मग म्हणे आता लॅच कामातनं गेलं, नवीन टाकावं लागेल, ते त्यांच्या बॅगेत होतंच. सगळं मिळून ३,८०० रुपये. बिल नाही, पावती नाही. आईजवळ एवढे कुठले, मी इथनं पाठवले. दुधाचं पातेलं कोळसा झालं ते वेगळं, घरभर धूर.

आता विचारायचं असं की मला गंडवलं का खरंच एवढे होतात? परत असं झालं तर कुणाला बोलवायचं, चांगला माणूस ओळखायचा कसा? अन् आई म्हणते नवीन लॅचचं पाकीट आधीच फोडलेलं होतं, किल्ल्या दोनच दिल्या, तर हे लॅच ठेवावं का काढावं? शेजाऱ्यांना का नाही विचारलं असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, समोरच्या अक्कांशी आईचं नळाच्या मोटरीवरनं वाजलंय, वर्ष झालं बोलणं नाही.

कडकभाकरी

३,८०० त चौकटीसकट दार नवं आलं असतं की बे. पातेल्याचं मात्र खरंच वाईट वाटलं.

मी_माहेरवाशीण

अहो दादा, किल्लीवाला नंतर, आधी गॅस! दूध गॅसवर, दार बंद, अन् सव्वा तास तुम्ही बाईकवाल्यांची वाट बघत बसलात? अशा वेळी पहिला फोन १०१ ला अग्निशामकला करायचा नाहीतर ११२ ला. आत लहान पोर अडकलं असेल, म्हातारं माणूस पडलं असेल, गॅस चालू असेल तर दार कसं का उघडेना, तुटलं तर तुटलं. अन् सिलेंडर बाहेरच्या बाजूला असेल तर आधी रेग्युलेटर बंद करायचा. दूध उतू जाऊन गॅस विझला अन् नुसता वास सुटला असता तर काय केलं असतं? रागावले म्हणून राग मानू नका, आमच्या माहेरी पण आई एकटीच आहे म्हणून लिहिलं.

पुण्यातला_पाच्छापेठी

ताई, बरोबर आहे. त्या वेळी डोक्यातच आलं नाही. आईनं पण गॅसचं मला शेवटी सांगितलं, पोरं येऊन खुडबुड करत होती तेव्हा.

काउंटरवरचे_काका

गंडवलं. सरळच सांगतो. मी नवी पेठेत हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं काढलीत, आता गुडघ्यानं घरी बसवलंय, तेव्हा वेळ आहे, नीट लिहितो.

नाईट लॅच दोन प्रकारे बंद होतं. एक नुसतं आपटून, तेव्हा आतली जीभ स्प्रिंगवर पुढं आलेली असते बस्. दुसरं किल्लीनं वरनं फिरवून पक्कं केलेलं, तेव्हा ती जीभ मागं ढकलली जात नाही. तुमच्या आईचं पहिल्या प्रकारातलं. हात बसलेल्या माणसाला हे सगळ्यात सोपं काम, त्याला ड्रिल बाहेर काढायचं कारणच नाही. बाहेर जिथं किल्ली घालतो त्या गोल भागाला आम्ही सिलेंडर म्हणतो (गॅसचा नव्हे!), त्यात पितळेच्या बारक्या पिना असतात, प्रत्येक पिनेवर स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पिना एका रेषेत येतात अन् सिलेंडर फिरतो. हे डिझाईन अमेरिकेतल्या येलचं, १८६१ च्या पेटंटचं, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनं, अन् तुमच्या दारावरचं त्याच जातीचं. इम्पोर्टेड म्हटलं की गिऱ्हाईक गप बसतं म्हणून म्हणतात.

ड्रिल कधी मारावं लागतं? किल्ली आत तुटून बसली, पिना गंजून अडकल्या, नाहीतर किल्ली खड्ड्याखड्ड्यांची असलेलं महागातलं कुलूप असलं तर. बरं, मारलंच ड्रिल, तरी खराब होतो तो सिलेंडर. आतल्या बाजूची लॅचची पेटी चांगलीच राहते, अन् बऱ्याच मेकचा सिलेंडर सुटा मिळतो, पूर्ण लॅचच्या मानानं फार कमी पैशात. म्हणजे तुम्हाला कुलूप उघडून दिलं नाही, कुलूप विकलं. जुनी पेटी त्या पोरांनी नेली का ठेवली? नेली असणार. ती दुसऱ्याच्या दारावर बसणार.

फोडलेल्या पाकिटाबद्दल आई बरोबर बोलतात. माझ्या काउंटरवरनं गेलेल्या लॅचात तीनच्या खाली किल्ल्या मी क्वचित बघितल्या. तिसरी कुठंय? कदाचित खरंच हरवली असेल, पण तुम्ही पुण्यात अन् आई एकटी, कदाचितवर झोप लागायची का? सिलेंडर बदलून घ्या, लॅच राहू द्या. पाकीट स्वतः दुकानातनं आणा, किल्लीवाल्याच्या बॅगेतनं नको.

आता माणूस कसा शोधायचा. पेठेत राहताय अन् पुण्यातनं इंटरनेटवर शोधताय! तुमच्या घरापासनं शंभर पावलांवर एखादं हार्डवेअरचं दुकान असेलच, त्याच्या गल्ल्याच्या काचेखाली दोन-तीन किल्लीवाल्यांचे नंबर असतात. दुकानदार खराब माणूस पाठवत नाही कारण दुसऱ्या दिवशी शिव्या खायला तोच दुकानात बसलेला असतो. तो नंबर आज घ्या, पहाटे साडेपाचला नाही. आईच्या फोनात टाका अन् भिंतीवर पेनानं पण लिहून ठेवा, बाहेरच्या भिंतीवर, आतल्या नाही!

फोनवर काय बोलायचं ते पण सांगतो. लॅच आहे का टांगतं कुलूप, आपटून लागलंय का किल्लीनं, किल्ली आत आहे का हरवलीय, एवढं सांगितलं की जाणता माणूस तिथंच आकडा सांगतो. उघडायचे किती, येण्याचे वेगळे का त्यातच, तोडावं लागलं तर किती, हे तिन्ही आधी बोलून घ्यायचं. जो म्हणतो आल्यावर बघू, त्याला म्हणायचं मग राहू द्या.

अन् सगळ्यात मोठी खूण: चांगला किल्लीवाला आधी तुमच्यावरच संशय घेतो. घर कुणाचं, तुम्ही कोण, शेजारी ओळखतात का, लाईट बिल दाखवा. राग येतो लोकांना. पण जो काही न विचारता तुमचं दार उघडतो तो उद्या दुसऱ्या कुणाला पण तुमचंच दार उघडून देईल की.

रात्रपाळी

काकांचं बाकी सगळं पटलं, पण एक दुसरी बाजू सांगतो. माझे मामा आयुष्यभर किल्ल्या करायचे, फुटपाथवर छत्री, एक लाकडी पेटी, पेटीला शिगोशीग लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, अन् हातात कानस. सोलापूरचा मे महिना अन् फुटपाथ म्हणजे काय ते बघा. त्यांनी लॅच पाच मिनिटांत उघडलं की लोक म्हणायचे पाच मिनिटाच्या कामाचे चारशे? अर्धा तास घाम गाळल्याचं नाटक केलं की तेच लोक पाचशे काढून द्यायचे वर चहा पाजायचे. मामा म्हणायचे हात चांगला असला की धंद्याला खोट. मग हळूहळू काही पोरं शहाणी झाली, ड्रिलचा आवाज केला की काम मोठं वाटतं अन् कुणी भाव करत नाही. ३,८०० ही लूटच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण ही ड्रिलवाली पोरं तयार कशी झाली ते पण बघा.

अन् मामांचीच एक गोष्ट, राहवत नाही म्हणून. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळची. अक्षता सोहळ्याच्या दिवशी आमच्या ओळखीतल्या एकांनी सगळी माणसं घेऊन सम्मती कट्ट्याकडं जायची गडबड केली, अन् दाराला कुलूप घालताना किल्लीच आत तुटली, अर्धी बोटात अर्धी कुलपात. पाहुणे आलेले, सगळ्यांची जेवणं आत. गावात एक किल्लीवाला जागेवर नाही, सगळं सोलापूर सिद्धेश्वराकडं. कुणीतरी सांगितलं मामा बाळीवेशीत दिसले. ते मिरवणुकीत नंदीध्वजाबरोबर चालत होते, पांढरी बाराबंदी घालून. घरच्यांनी गर्दीत शिरून गाठलं तर म्हणाले आता हलणार नाही, अक्षता पडू द्या. सातही नंदीध्वज पोचले, अक्षता पडल्या, मग संध्याकाळच्या आत बाराबंदीवरच आले, खिशात हत्यार कुठलं, तिथल्याच एका दुकानातनं बारका चिमटा अन् सायकलच्या स्पोकचा तुकडा घेतला अन् तुटलेला तुकडा ओढून काढला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले आजच्या दिवशी नको, पण किल्ली करायला उद्या या, तिचे घेईन. दुसऱ्या दिवशी घेतले पण!

काउंटरवरचे_काका

रात्रपाळी, मामांसारखी माणसं मी पण बघितलीत, त्यांना पाचशे काय सहाशे द्यावेत. माझं म्हणणं आकडा आधी सांगा एवढंच. २५० सांगून ३,८०० घेणं ही मजुरी नाही.

तुमच्या त्या तुटलेल्या किल्लीवरनं आठवलं, किल्ल्या तुटतात त्याचं कारण बहुतेक वेळा आपलीच हौस. कुलूप जड झालं की लोक आत खोबरेल तेल घालतात. दोन दिवस मऊ चालतं, मग त्यावर धूळ चिकटते. अन् आपल्या पूर्व भागात नुसती धूळ नाही, गल्लीगल्लीत लूम, कापसाचे तंतू हवेतनं उडत असतात, तेल अन् तंतू मिळून कुलपात वातीसारखा गोळा होतो. मी कुलपं खोलून बघितलीत, पिना दिसायच्या नाहीत. तेल नको, पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड किल्लीला लावून दोन-चारदा फिरवायची, दुकानात ग्राफाईट पावडर मिळते ती पण तीच.

हद्दवाढकर

आमच्याकडचं ऐका, त्यापुढं ३,८०० स्वस्त वाटतील.

मावशीच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या लॉकरची किल्ली अडकत होती. दुपारी बोळात दोघंजण चाबीवाला ओरडत आले. मावशीनं वर बोलवलं. एकानं लॉकर उघडून दाखवला, किल्ली घासून दिली, मावशी खूश. मग म्हणे आत तेल घातलंय, आता लावून टाकतो, उद्या सकाळपर्यंत उघडू नका नाहीतर परत अडकेल. दुसऱ्यानं मध्येच पाणी मागितलं, कापूस मागितला, मावशी आत-बाहेर. सकाळी उघडायला गेल्यावर किल्ली फिरेना, दुसरा किल्लीवाला बोलवून उघडलं तर पाटल्या अन् बोरमाळ गायब. फिर्याद दिली, पोलिसांनी सांगितलं ही पद्धत जुनीच आहे, उद्यापर्यंत उघडू नका म्हणणं म्हणजे त्यांना गाव सोडायला मिळालेला वेळ. अजून काही मिळालं नाही.

तेव्हापासनं आमच्या घरात नियम. कपाट किंवा लॉकरचं काम असलं की आतलं सगळं आधी काढून घ्यायचं, जे उघडत नाही त्यासाठी ओळखीचाच माणूस, अन् काम चालू असताना घरातलं एक माणूस खुर्ची टाकून समोर बसणार, पाणी द्यायचं तर दुसरं माणूस देणार. काम झालं की त्याच्यासमोरच तीनदा उघडून लावून बघायचं. आता सगळेच फिरस्ते चोर असतात असं नाही, माझी स्वतःची गाडीची किल्ली एका फिरस्त्यानंच करून दिलेली, पाच वर्षं चालतेय. पण कपाट म्हणजे कपाट.

शेंगाचटणी_प्रेमी

मंडळी मध्येच विचारतो. आमची एक खोली भाड्यानं दिलेली, भाडेकरू तीन महिने भाडं न देता कुलूप घालून गायब, फोन बंद. किल्लीवाला आणून उघडलं तर चालेल ना, घर तर आमचंच आहे? सामान आत आहे त्याचं.

काउंटरवरचे_काका

मुळीच नको. घर तुमचं पण ताबा त्याचा. उद्या तो येऊन म्हणाला आत माझे दोन लाख होते तर काय दाखवणार? आधी नोटीस, मग वकिलाला विचारून कोर्टातनं. शहाणा किल्लीवाला भाडेकरूचं कुलूप म्हटल्यावर पेटी उचलून जातो.

शेंगाचटणी_प्रेमी

कालच एक जण असाच पेटी उचलून गेला म्हणून तर इथं विचारतोय 😅

सात_रस्ता_सर्व्हिस

ऑनलाईन नंबरचं अजून एक. माझ्या मेव्हण्यानं असाच नंबर लावला, तर तिकडनं लिंक पाठवली, म्हणे बुकिंगचे ९९ रुपये भरा मग माणूस निघेल. भरले. मग म्हणे पेमेंट अडकलं, रिफंड देतो, पिन टाका. नशीब बायको शेजारी होती. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, एवढं आईवडलांना पाठ करून ठेवा. अन् गेलेच पैसे तर वाट न बघता १९३० ला फोन करायचा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जेवढ्या लवकर कराल तेवढी पैसे थांबायची शक्यता जास्त.

मूळ प्रश्न विचारणाऱ्याला, तुमच्या केसमध्ये माणसं खरंच आली, काम केलं, त्यामुळं ते पैसे परत यायचे कठीण. तरी त्या नंबरखाली जाऊन खरं काय घडलं ते लिहा, पुढचा तरी वाचेल.

मी_माहेरवाशीण

अजून एक राहिलं. आमच्या पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा कुणीतरी टाकलं, ही किल्ली रस्त्यात सापडली, कुणाची आहे, अन् खाली किल्लीचा एवढा मोठा फोटो, दाते न् दाते दिसतायत. दोनशे लोक ग्रुपवर. फोटोवरनं किल्ली करता येते हो! नुसतं लिहायचं किल्ली सापडलीय, ओळख सांगून घेऊन जा. काहींच्या किल्लीवर नंबर कोरलेला असतो तो पण कुणाला दाखवायचा नसतो. मी लिहिलं तर ग्रुपवरचे काका म्हणाले तुम्हाला सगळीकडं चोरच दिसतात. दिसतात.

रात्रपाळी

त्यावरनं आठवलं, नवीन टू-व्हीलर घेतली की किल्लीच्या जुडग्यात एक बारकी नंबरची पट्टी येते, लोक ती कचरा समजून फेकतात. ती कागदपत्रांबरोबर ठेवा, किल्ली हरवली तर बऱ्याच कंपन्यांकडं त्या नंबरवरनं नवीन मिळते, नाहीतर पूर्ण लॉकसेट बदलायची वेळ येते. अन् चिपवाली किल्ली असलेल्या कारचं काम फुटपाथवर सगळ्यांना जमत नाही, तिथं कानस चालवून भागत नाही, कॉम्प्युटर लावावा लागतो. मामा अशी गाडी आली की हात जोडायचे.

कडकभाकरी

दर कुणी सांगेल का नीट? मला पण एक लॅचची किल्ली करायचीय, उगाच पुढं जाऊन हसू व्हायला नको.

रात्रपाळी

मी या वर्षी जे दिले ते सांगतो, याला दरपत्रक समजू नका. टांगत्या कुलपाची साधी किल्ली ५०. लॅचची, मशीनवर कापलेली, १२०. दिवसा घरी येऊन लॅच न तोडता उघडलं त्याचे ४०० दिले, विजापूर रोडच्या मित्राकडं रात्री अकराला ७०० घेतले. रात्रीचे जास्त घेणारच, तो पण माणूस आहे. मशीनवर कापलेली किल्ली तिथंच उभं राहून बघा, जुनी अन् नवी पाठीला पाठ लावून उजेडात धरा, अन् घरी जाऊन दार उघडं ठेवून आधी फिरवून बघा. दार लावून बघू नका, मी बघितलतं.

पुण्यातला_पाच्छापेठी

अपडेट देतो, सगळ्यांनी एवढं लिहिलं म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आलो. शनिवारी सकाळी काकांनी सांगितल्याप्रमाणं अशोक चौकाकडच्या एका हार्डवेअरवाल्याकडं गेलो, नुसता सिलेंडर मिळाला, पाकीट सीलबंद, किल्ल्या तीन मोजून घेतल्या. त्यांनाच किल्लीवाल्याचा नंबर विचारला. दुसरं काम असं की वडलांचं ते पितळी कुलूप मला परत लावायचं होतं, लॅच ठेवून वरनं कडी-कोयंडा, म्हणजे आई गावाला गेली की कुलूप दिसतं अन् घरात असली की लॅच. पण त्या कुलपाची किल्ली दोन वर्षांत कुठं गेली कुणास ठाऊक.

कुलूप घेऊन किल्लीवाल्याकडं गेलो. साठीचे असतील. कुलूप हातात घेऊन वजन बघितलं, लिव्हरचं आहे म्हणाले, म्हणजे आत पिना नाहीत, पितळी पट्ट्या असतात अन् प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीवर उचलली गेली तरच उघडतं. मग कुलूप माझ्या हातात परत दिलं. म्हणाले सुट्या कुलपाची किल्ली करत नाही, कुणाचं आहे मला काय माहीत, दार कुठंय ते दाखवा, तिथं येऊन करतो. मी म्हटलं अहो माझ्या वडलांचं आहे. म्हणाले सगळे असंच म्हणतात.

घरी आणलं. आई दारात उभी. आधार कार्ड दाखवलं तर त्यावर माझा पुण्याचा पत्ता, मीच बदलून घेतलेला! लाईट बिल वडलांच्या नावावर. ते पेटी न उघडता ओट्यावर बसले अन् समोर बघितलं, समोर अक्का शेंगा निवडत बसलेल्या. त्यांना विचारलं, अम्मा, हे इथलेच का? आईनं मान फिरवली. मला वाटलं आता अक्का म्हणणार माहीत नाही. अक्का दोन क्षण काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, होय की, लग्न होऊन आल्यापासनं बघतेय हिला, हा एवढा होता तेव्हा माझ्या हातची पोळी खायचा, आता पुण्याला गेलाय, येत नाही. ते शेवटचं मला होतं.

मग पेटी उघडली. कोरी किल्ली कुलपात घालायची, दाबून फिरवायची, बाहेर काढून उजेडात खुणा बघायच्या, तिथं कानस मारायची, परत घालायची. चाळीस मिनिटं हेच. मध्ये एकदा पण घाई नाही. शेवटी कुलूप असं उघडलं की आवाजच आला नाही. दोन किल्ल्या अन् सिलेंडर बदलायचे मिळून ४५० घेतले, आकडा आधी सांगितलेला तेवढाच. मी पाचशे दिले तर पन्नास परत केले, मग रात्रपाळीची मामांची गोष्ट आठवून चहा तरी घ्या म्हटलं. तो अक्कांनीच आणला. आई आत होती.

लॅचची तिसरी किल्ली कुठं ठेवायची यावर रात्री बराच वाद झाला. कुंडीखाली नको म्हटलं, चोराला पहिली कुंडीच दिसते. पुण्याला नेऊन काय उपयोग. शेवटी रविवारी सकाळी बघतो तर किल्ली खुंटीला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, दिली समोर. अन् लगेच म्हणाली, किल्ली दिलीय म्हणजे बोलणं सुरू झालंय असं काही नाही.

मी_माहेरवाशीण

😄 आईंना नमस्कार सांगा. अन् पुढच्या वेळी अक्कांसाठी पुण्याहनं काहीतरी घेऊन जा.

कडकभाकरी

ते सगळं ठीक ओ, मोटरीचं काय झालं?

पुण्यातला_पाच्छापेठी

आज पाणी आलंय. मोटर चालूच आहे, आईनं फोनवर आवाज ऐकवला.